तीन पिकअप आणि एक टिकली

विलासच्या गिटारचा पिकअप मेला होता. निदान विलासचं म्हणणं तसं होतं, आणि त्याचं म्हणणं खोडून काढणारा माणूस अजून भरे गावात तरी जन्मला नव्हता. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली चुंबकाची पट्टी. तारेची थरथर पकडून ती स्पीकरकडे धाडते. "चुंबक उतरलंय," तो सांगायचा. "आवाज पोत्यात गुंडाळल्यासारखा येतो."

बार्शी सोडून पिरंगुटच्या कारखान्यात लागल्याला त्याला बरीच वर्षं झाली होती. दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर उभं राहायचं आणि लग्नसराईत भैरूच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायची. प्रेसवर त्याला कुत्रं विचारत नव्हतं. स्टेजवर मात्र लोक माना वर करून बघायचे, आणि तेवढ्या बघण्यावर तो अख्खा आठवडा काढायचा. कंपनीने कानात घालायला रबरी बोळे दिले होते, ते त्याने खिशात ठेवले आणि खिशातच हरवले. ठोका नीट बसला की नाही हे आवाजावरूनच कळतं, बोळे कसले घालता, असं सगळेच जुने प्रेसवाले म्हणायचे. विलास तर त्यातून गिटारवाला. कानाची त्याला मोठी घमेंड.

रिहे गावातल्या एका लग्नात मात्र शोभा झाली. आवाज उजळावा म्हणून विलासने ट्रेबलचं, म्हणजे बारीक सुरांची धार वाढवणारं, बटण बरंच वर नेलं, आणि पुढे बसलेल्या बायका कानावर पदर धरून उठल्या. सामान भरताना भैरू म्हणाला, "विलासभाऊ, तुमची गिटार दाभणावानी टोचतीया. शनवारी पौडला कार्यक्रम हाय. तवर वाद्य नीट करा, न्हाईतर मला दुसरा माणूस बघाया लागंल." भैरू गोड बोलणाऱ्यातला नव्हता, पण उगाच बोलणाऱ्यातलाही नव्हता. विलासने सगळं खापर पिकअपवर फोडलं.

पुण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याने दोन पिकअप दिले. एक इथेच बनवलेला कोरा, दुसरा परदेशी पण वापरलेला. लावून बघा, पटेल तो ठेवा, दुसरा परत आणा.

रविवारी दुपारी विलासने खोलीत दुकान मांडलं. खोली कोंडाबाईची, शेजारीच तिच्या शेळ्यांचा गोठा. कोंडाबाई दारासमोर शेळ्यांना पाला टाकत होती आणि रजनी, विलासची बायको, तांदूळ निवडत होती. गेल्या वर्षभरात रजनीला एक सवय लागली होती. काही सांगायचं तर हातातलं काम टाकून, पदराला हात पुसत ती त्याच्या समोर येऊन उभी राहायची आणि तोंडाकडे बघून बोलायची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायको अशी वागते याचं विलासला फार सुख होतं. कारखान्यात त्याने त्याची बढाईही मारली होती.

"तू भिंतीकडे तोंड करून बस," तो म्हणाला. "कोणता लावलाय ते दिसलं की मन फितूर होतं. नुसतं ऐक आणि सांग."

रजनी जरा घुटमळली. मग सूप घेऊन पाठमोरी बसली.

ट्रेबलचं बटण रिह्याला होतं तिथेच ठेवून विलासने त्याच्या शेजारी खूण म्हणून रजनीची लाल टिकली चिकटवली. बटण तेच, सूर तोच, पिकअपची उंचीही तीच. तुलना कशी चोख हवी. आधी जुना पिकअप वाजवला. आवाज पोत्यातलाच.

"कसा वाटतो?"

रजनी गप्प. असू दे, म्हणून त्याने तारा ढिल्या करून कोरा पिकअप डाखाने जोडला. पुन्हा तेच पोतं. परदेशी जोडला, तेव्हा तर त्याला रडूच यायला लागलं, कारण तिन्हींत तसूभर फरक नव्हता.

"हा कसा?"

उत्तर नाही.

"तोंडात गुळणी धरलीस का गं? इथे माझी जागा जायची वेळ आलीय." आणि रागाने त्याने बटण टिकली ओलांडून शेवटपर्यंत फिरवलं, आणि सगळ्यात बारीक तार जोराने छेडली.

रजनीचे खांदे कानापर्यंत गेले. सूप कलंडून तांदूळ जमिनीवर सांडले. बाहेर शेळ्यांनी दावी ताणली, आणि कोंडाबाई धावत दारात आली.

"आवं बंद करा ते. शेरडं बुजली माजी."

"मावशी, आवाज तरी आहे का त्यात?" विलास म्हणाला. "आणि ही बया एका शब्दाने सांगत नाही."

कोंडाबाईने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "न्हाई कशी? तीनदा सांगितलं की तिनं. लई टोचतोय, कमी करा म्हणली. मी तितं शेरडांपाशी ऐकलं."

विलासने रजनीकडे पाहिलं. ती आता वळली होती, डोळे भरलेले होते, आणि सवयीने ती उठली, पदराला हात पुसत त्याच्या समोर येऊन उभी राहिली. त्या क्षणी त्याला त्या सवयीचा अर्थ कळला. वर्षभर तिने हे एकटीने सांभाळलं होतं, आणि तो कारखान्यात फुशारक्या मारत हिंडला होता.

"कानाच्या डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली. ते त्याने ऐकलं की ओठांवरून वाचलं, हे त्याचं त्यालाच सांगता येईना.

त्याने जुना पिकअप पुन्हा जोडला. त्याचं काहीच बिघडलं नव्हतं. मग त्याने रजनीलाच बटण लावायला सांगितलं. तिने ते बरंच खाली आणलं आणि टिकली उचलून तिथे चिकटवली. त्याने तार छेडली. बोटाला थरथर कळली, कानाला जवळजवळ काहीच नाही.

"आता बरा आहे?"

ती समोर यायला निघाली.

"समोर येऊ नकोस. तिथूनच सांग, भिंतीकडे बघून."

"कशाला हो?"

"सांग."

रजनी भिंतीकडे वळली. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने ती वळली, तेव्हा तिचं बोलून झालं होतं.

विलासने गिटार पिशवीत घातली आणि मोबाइल तिच्या हातात दिला.

"भैरूला फोन तूच लाव," तो म्हणाला. "शनिवारसाठी दुसरा माणूस बघ म्हणावं."