बोटीची झळाळी

“थांब! हात उचल आधी!”

सत्तार ओरडला तशी त्याची बायको बिस्मिल्ला दचकली. पॉलिश पेपर तिच्या हातातून पाण्याच्या बादलीत पडला. बोटीच्या पांढऱ्या कुशीवर, ती जिथं घासत होती तिथं, खालच्या फायबरच्या धाग्यांची पुसट जाळी दिसू लागली होती.

“वरचा थर कागदागत पातळ असतो. तो गेला की बोट गेली. मी सांगितलं न्हाई?”

“न्हाई सांगितलं! नुसतं घास, घास म्हनलात.” ती उठून बांधाकडे वळली. “उभ्या जन्मात दुकानात पाऊल ठेवू दिलं न्हाई, आन् आता एका दिवसात मिस्त्री व्हायचं काय मी?”

श्रीगोंद्यात एसटी स्टँडच्या मागे सत्तारचं गाड्या रंगवायचं दुकान होतं. लकव्यानं उजवा हात गेला आणि दुकानाला कुलूप लागलं. तेव्हापासून तो ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या जीपगाड्यांना नावं ठेवायचा.

मच्छीमार सोसायटीचा गोरक्षनाथ भोई दारात आला तेव्हाही तो ओट्यावरच होता. तलावापलीकडच्या वस्तीसाठी सोसायटीनं फायबरची बोट आणली होती. दुष्काळात तलाव आटला आणि बोट कोरड्या तळावर उन्हात पडून राहिली. औंदा पाणी आलं, पण बोटीत कुणी बसेना. टेकलं की लुगड्याला पांढरी भुकटी लागायची. “बोट अंग सोडतीया, मधीच फुटंल,” असं वस्तीवरच्या राहीबाईनं एकदा म्हटलं आणि सगळ्या बाया तलावाला वळसा घालून बाजाराला जाऊ लागल्या. पोटुशी बाईसुद्धा.

“बोट चांगली हाय, मिस्त्री. पन लोकांना दिसाय पायजे,” गोरक्षनाथ म्हणाला.

“माझा हात गेलाय, गोरख.”

“माझा हाय की,” बिस्मिल्ला आतून म्हणाली होती.

आता ती बांधावर पाठमोरी उभी होती. सत्तार पाय ओढत तिच्याजवळ गेला. त्यानं डाव्या हातानं बादलीतला पेपर काढून तिच्या तळहातावर ठेवला आणि वर स्वतःचा हात टेकवला.

“त्या जागेला आता परत हात लावायचा न्हाई. इथं ये. जोर नको. आवाज ऐक. खरखर येतीय तोवर भुकटी हाय. आवाज मऊ झाला की थांबायचं.”

दोघांचे हात एकत्र फिरू लागले. पांढरं पाणी ओघळत होतं. खरखर हळूहळू विरत गेली, आणि त्यानं आपला हात कधी काढून घेतला ते तिला कळलं नाही.

मग ती रोज येऊ लागली. पेपर झाला की रबिंगची पेस्ट, मग मेण, मग जुन्या बनियनचं फडकं. खांदे भरून यायचे. एका सकाळी फडकं फिरवता फिरवता ती थबकली. बोटीच्या कुशीत काठावरच्या बाभळीची फांदी दिसत होती, पानापानांसकट.

“अवो, बगा की!”

सत्तारनं डोळे बारीक केले, वाकून एका बाजूनं पाहिलं, मग दुसऱ्या. खोड काढायची त्याची जुनी सवय होती.

“मागची बाजूबी अशीच पायजे,” एवढंच तो म्हणाला. पण त्या दिवशी दुपारी दोन घास जास्त जेवला.

बाजाराच्या दिवशी बोट पाण्यात उतरवली. ऊन तिच्यावर असं सांडलं, की पलीकडच्या काठावरची माणसं डोळ्यांवर हात धरून उभी राहिली. बोट वस्तीच्या काठाला लागली तशी राहीबाई पुढं आली. तिनं पदराचं टोक कडेवर दाबून फिरवलं, उलटून पाहिलं. पदर स्वच्छ.

“नवी आनली व्हय रं, गोरख?”

“तीच हाय, आज्जी.”

“मंग सरक. मला बसू दे!”

बाया हसत, पाट्या सावरत आत शिरल्या. पोरं ओरडली. भरलेली बोट परतताना काठावर उभ्या असलेल्या बिस्मिल्लाच्या डोळ्यांना धार लागली. ती पुसायचं तिला सुचलं नाही.

पुढची खेप निघताना गोरक्षनाथानं पुढची फळी फडक्यानं झटकली. “या मिस्त्री, मानाची जागा तुमची.”

सत्तार मागं सरला. “मिस्त्री ती हाय. तिला बसव.”

लोक बाजूला झाले. बिस्मिल्ला डोक्यावरचा पदर नीट करून पुढच्या फळीवर बसली. बोट हलली तशा बाकीच्या बायांनी कडा घट्ट धरल्या. तिनं मात्र दोन्ही हात मांडीवर ठेवले. कडेच्या झळाळीवर बोटांचे डाग पडले असते.