हिरवी ओंबील

आमच्या घरात कुठल्याही गोष्टीचा निकाल आबा लावतात. आबा म्हणजे माझे सासरे, भागोजी. तेव्हा मी बाटलीत पकडून ठेवलेली मुंगी कुठली, हेही त्यांनीच ठरवलं, आणि तेही बाटली हातात न घेता.

पावसाने उघडीप दिली होती. वाळत घातलेल्या चादरीवर ती मला सापडली. बोटाच्या पेराएवढी, हिरवट, पाठीवर पंख गळल्याच्या खुणा. म्हणजे राणी, नवं घर मांडायला निघालेली. लग्न होऊन आल्यापासून या घरात माझं म्हणावं असं मला काही मिळालं नव्हतं. ही मिळाली. औषधाच्या रिकाम्या बाटलीत तिला ठेवताना मला फार आनंद झाला.

"डोंगळ्याची राणी हाय," आबा म्हणाले. "ओंबील तांबडी असते. हिरवी ओंबील कोणी बघितलीन?"

ओंबील म्हणजे काजूवर पानं जोडून घरटं करणारी चावरी मुंगी. गेल्या हंगामात अख्खं घरटं आबांच्या सदऱ्यात पडलं होतं. तेव्हापासून दिसली ओंबील की चेच, असा घरचा कायदा झाला होता.

मला काही ते पटेना. साखरेच्या डब्याजवळचा एक डोंगळा पकडला, काजूवरची एक ओंबील आणली आणि राणीसकट तिघांचे मोबाईलवर फोटो काढून मोठे करून बघितले. डोंगळ्याच्या कमरेवर खवल्यासारखा उभा उंचवटा होता. ओंबिलीची कंबर लांब, गाठ बसकी. राणीचीही अगदी तशीच. रंगाचं काय घेऊन बसायचं?

सासूबाई माझ्या कानाशी लागल्या. "त्यांनी डोंगळा म्हटलानी ना? मग डोंगळाच. कशाला वाद घालतेस?"

गप्प बसलेही असते. पण आबा मोठ्या मनाने करवंटीत ओली माती भरून घेऊन आले. "हिच्यात ठेव तिला. डोंगळ्यास माती लागते."

ओंबील मातीत घर करत नाही, तिला झाडावरचं पान लागतं. बोलले तर ती चेचली जाणार, नाही बोलले तर करवंटीत मरणार. आबांच्या हट्टापायी माझी राणी मरावी, याचा मला संताप आला.

"ओंबीलच हाय ती, आबा," मी म्हटलं आणि फोटो दाखवले.

आबांनी ते बघितले. चष्मा पुसून पुन्हा बघितले. मग पायातली वहाण काढली. "ठेव खाली."

मी बाटली उघडली, राणीला तळहातावर घेतलं आणि हात त्यांच्यापुढे धरला. "हितंच मारा."

वहाण वरच राहिली. मी हात मागे घेतला नाही.

"हात बाजूस कर गो."

"नाय करणार. काजूच्या मोहोराचा रस शोषणारे ढेकणे हिचीच जात खाते. मोहोर सुकला की कपाळास हात कोण लावतो?"

"आणि बिया काढायला गेलो की चावते कोणास?"

"दारातल्या काजूवर सोडते तिला. त्या झाडाच्या बिया यापुढे मी काढीन. चावूदे मला."

आबांनी वहाण खाली टाकून पायात सरकवली. "रडत आलीस तर बघ."

"रडत आले तरी तिला हलवू देणार नाय," मी म्हटलं आणि मूठ अलगद मिटून काजूकडे निघाले.