वजनाच्या मशीनमधलं लोहचुंबक

"नाणं गिळलं तुमच्या मशीननं," असं म्हणत त्या बाईंनी वजनाच्या मशीनला अशी काही थाप मारली, की कळवळला मामा. खरंच सांगते, स्वतःच्या पाठीत बसल्यासारखा. मी नुकतीच स्कूटर लावत होते. मामाचा गुडघा धरलाय ना, म्हणून हल्ली त्याला कामावर मीच सोडते. कामावर म्हणजे काय, एवढं एकच मशीन उरलंय त्याच्याकडे, बसस्टँडवरचं. पूर्वी दवाखान्यांतली, थिएटरांतली, सगळी तोच बघायचा. आणि मालकांनी सकाळीच फोनवर ऐकवलेलं, आज नीट झालं नाही तर ते भंगारात.

मामानं मागचं दार उघडलं तर काय, आत नाणी घसरत जातात त्या वाटेवरच्या लोहचुंबकाला नुसती लगडलेली नाणी. आधी त्यातलं एक काढून त्यानं त्या बाईंना परत दिलं, मग कपाळाला हात लावला.

कारण ते लोहचुंबक त्यानंच बसवलेलं, एका फुटक्या स्पीकरमधून काढून. समोरच्या गॅरेजमधली पोरं तेव्हा नाण्याऐवजी लोखंडी वॉशर टाकून फुकटात वजन करायची. तेव्हाची नाणी तांबं आणि निकेल मिसळलेली, ती लोहचुंबकाला भीक घालायची नाहीत. वॉशर मात्र बरोब्बर अडकायचा. त्याच्याही आधी ॲल्युमिनियमची आली होती, इतकी हलकी की आतला दांडाच दबायचा नाही, मग मामानं कानस मारमारून दांडा हलका केला. सरकार धातू बदलायचं की हा मशीन बदलायचा, असं चाललेलं दोघांचं. आता आली स्टीलची नाणी, आणि लोहचुंबकाला काय कळणार, चोर कोण नि गिऱ्हाईक कोण.

"मग काढून टाका की ते," तेवढ्यात येऊन पोचलेले मालक म्हणाले. हे धाकटे मालक. मामाला कामावर ठेवलं ते यांच्या वडिलांनी.

"काढलं की वॉशर सुरू होतील."

"शेवटचा वॉशर कधी सापडला होता, काका?"

मामा जरा घुटमळला. "झाली बरीच वर्षं. धाक बसलाय ना पोरांना."

मला हसू येत होतं, पण मामाचा चेहरा बघून गिळलं. तो तडक लंगडत गॅरेजमध्ये गेला आणि म्हणाला, एक वॉशर दे, मशीनमध्ये टाकून बघायचाय.

गॅरेजवाल्यानं पाना खाली ठेवला. "अहो काका, वॉशर नाण्यापेक्षा महाग पडतो. कोण टाकेल? उलट परवा वॉशर संपले, तर मीच नाण्याला भोक पाडून पंपाला लावलं. काय फिट बसलंय म्हणून सांगू."

मामा तसाच परत फिरला. रस्ता ओलांडताना एवढंच म्हणाला, "म्हणजे धाक वगैरे काही नव्हताच गं."

मग खाली बसला, लोहचुंबकाचे स्क्रू काढले, वाट पुसली, दांड्याला तेल दिलं. नवं नाणं टाकलं, तिकीट आलं. जुनं टाकलं, आलं. मालक खूश. म्हणाले, "मग राहू दे मशीन. आता परत कधी बिघडेल?"

मी मागून मामाचा शर्ट ओढला. म्हण ना, दर महिन्याला तेल लागतं, दांडा घासावा लागतो, काहीही म्हण.

"आता अडकण्यासारखं आत काही राहिलंच नाही," मामा म्हणाला.

"मग दर महिन्याला तुम्हाला कशाला त्रास? लागलं तर फोन करीन."

"हो, तसं खरंय ते."

मशीनची किल्ली परत द्यायची म्हणून मामानं जुडगा काढला. ती काही केल्या कडीतून निघेना. मी म्हटलं, दे मी काढते. तर म्हणे, थांब. त्याचं नख मोडलं, पण त्यानंच काढली आणि मालकांच्या हातावर ठेवली.

तेवढ्यात एक आजी आल्या. "चालू आहे का हो?"

मामा बाजूला झाला. "चालू आहे, आजी. पिशवी तेवढी खाली ठेवा, नाहीतर तिचंही वजन धरेल."

आणि त्या उतरेपर्यंत पिशवी धरून उभा राहिला.