नव्या वेशीतली पहिली गाडी

छोट्या दिंडीदरवाजातून बैलगाडी जाणार कशी, असं हॅमो पुन्हा पुन्हा विचारत होता. पण ब्रदर रॅनल्फ मोठ्या दरवाजासमोरून हलेनात.

मठाची नवी वेस नुकतीच पुरी झाली होती. घोड्या-गाड्यांसाठी उंच कमान, पायी येणाऱ्यांसाठी शेजारी दिंडी, आणि कमानीवर दगडात कोरलेली, बाळाला पोटाशी धरलेली मरियामाता. दुसऱ्या दिवशी बिशप येऊन वेशीवर पवित्र पाणी शिंपडणार होते. कमानीतून पहिलं पाऊल त्यांच्याच घोड्याचं पडायचं, अशी रीत. तोवर मोठा दरवाजा बंद.

माझा नवरा हॅमो मठाचा द्वारपाल, त्याच्याआधी त्याचा बाप. मठाधिपती बदलतात, आमच्या घरातल्या किल्ल्या बदलत नाहीत, असं मी विहिरीवर चारचौघींत मिरवत असे.

गाडीत कोळसेवाल्याची बायको मॅबिली, कालपासून बाळंतपणात अडलेली. आत धर्मशाळेत ऊब होती, औषधं होती. तिला उचलून दिंडीतून न्या, असं ब्रदर म्हणाले. गावातली निम्मी पोरं माझ्या हातांवर जन्मलेली. मी गाडीत चढून पाहिलं आणि सांगितलं, आता हिला हलवलं तर ही जाईल.

हॅमोनं किल्ली काढली.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ब्रदर म्हणाले. "उद्या मठाधिपती तुला इथं ठेवतील होय?"

"नाही ठेवलं तर नाही. पण वर दगडाची आई बसवलीत ना, ब्रदर? मग खाली हाडामांसाची आल्यावर दार कसं लावू?"

गाडी कमानीतून गेली. संध्याकाळी मुलगी झाली, आणि त्याच संध्याकाळी मठाधिपतींनी किल्ल्या मागून घेतल्या. रीत मोडणारा माणूस वेशीवर नको, एवढंच ते म्हणाले. मी रडले. हॅमोनं मात्र किल्ल्या पुसून दिल्या.

दुसऱ्या दिवशी बिशप थाटात आत गेले. आम्ही गर्दीत मागे उभे होतो. पुढे हो, निदान लोकांना तोंड दाखव, असं मी त्याला म्हणाले. तो कमानीकडेच बघत होता.

"ऐसपैस झाली आहे गं," तो म्हणाला. "कालची गाडी कुठं घासलीसुद्धा नाही."

जन्मभर कमरेला किल्ल्यांचं वजन वागवलेला माणूस, अजूनही एका अंगाला कलून उभा होता. मी त्या अंगाला जाऊन उभी राहिले.