डावा हात

मलपे बंदरावर पन्नास वर्षं मासळी विकलेली अप्पी त्याच बंदरावर पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. तिचा नवरा नारना तिंगळाय कॉटच्या डाव्या बाजूच्या स्टुलावर बसला तो जेवायपुरताच उठायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर विल्मा आल्या. त्यांनी अप्पीचा उजवा हात हातात घेतला.

"अज्जी, मी दहा अक्षरं म्हणणार. 'स' ऐकलं की माझा हात दाबायचा. दुसऱ्या अक्षराला नाही."

"बापानं शाळेत घातलं नाही, आता तू घाल," अप्पी म्हणाली. पण हात बरोबर दाबला.

"दगड पाण्यावर तरंगतो का?"

"नाही."

"समुद्रात मासे असतात का?"

"यंदा कुठले? मोठ्या बोटवाल्यांनी ठेवले असतील तर असतील."

सिस्टरना हसू आलं. "हे चूक लिहू की बरोबर, अज्जा?"

"बरोबर लिहा," नारना म्हणाला. "नाहीतर तुम्हाला बंदरावर नेऊन रिकाम्या टोपल्या दाखवेल."

मग त्याने विचारलं, हे सगळं कशाला? सिस्टर म्हणाल्या, ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांचं डोकं कधीकधी गोंधळतं. ते लवकर कळावं म्हणून सकाळ-संध्याकाळ विचारायचं.

समोरच्या कॉटवर शेषप्पा मास्तर होते. त्यांना कॉटखाली बकऱ्या दिसत होत्या. अक्षरांच्या वेळी ते सिस्टरनाच म्हणाले, "आधी वर्गात शांतता." दुपारी त्यांनी सलाईनची नळी उपटली. रक्त अंथरुणावर सांडलं. दोघांनी धरून त्यांचे हात पट्टीने कॉटच्या दांड्यांना बांधले.

नारनाने ते पाहिलं. परीक्षेत नापास झालं की हात बांधतात, असं त्याच्या मनाने घेतलं. अप्पीच्या हातांना स्वस्थ बसायची सवय नव्हती. पडल्या पडल्याही ती चादरीच्या कडेवर बोटं चालवायची, जाळं सोडवल्यासारखी. ते हात कुणी बांधले असते तर ती मेली असती, असं त्याला वाटलं.

तिसऱ्या दिवशी उजाडताना अप्पीने डोळे उघडले. "बाळण्णाची होडी लागली का?"

बाळण्णा तिचा भाऊ. थोरली मुलगी झाली त्या वर्षी बुडाला होता.

"लागेल," नारना म्हणाला.

त्यानंतर ती बोललीच नाही. शिव्या नाहीत, टोमणे नाहीत. कांजी समोर आणली तर तोंड फिरवून पडून राहिली. सिस्टर आल्या.

"अज्जी आज फार गप्प?"

"झोप झाली नाही."

"काही वेगळं बोलल्या का? तुम्ही त्यांना ओळखता, आम्ही नाही ओळखत. म्हणून विचारते."

"नाही," नारना म्हणाला.

सिस्टरनी उजवा हात धरला. डावा नारनाच्या हातात होता, चादरीखाली. लग्न झाल्यापासून त्यांची एक सवय होती. जत्रेत, बसच्या गर्दीत एकाने हात दाबला की दुसऱ्याने दाबायचा, मी आहे म्हणून. सिस्टरनी 'स' म्हटलं आणि नारनाने दाबला. अप्पीने डोळे न उघडता दोन्ही हात आवळले. पुढच्या 'स'लाही. अक्षरं बरोबर आली म्हणून सिस्टर बाकीचे प्रश्न न विचारता कागदावर लिहून मास्तरांकडे गेल्या.

संध्याकाळीही तसंच झालं. नारनाला बरं वाटलं. त्याने तिच्या कपाळावरचे केस मागे केले. कपाळ थोडं कढत लागलं. खिडकीतून ऊन आलं होतं, त्याने पडदा ओढला.

चौथ्या दिवशी सकाळी त्याने दाबलं तर काहीच परत आलं नाही. त्याने जोराने दाबलं. पुढच्या 'स'ला आणखी जोराने. सिस्टर अर्ध्यातच थांबल्या. त्या दाबताना हलणाऱ्या त्याच्या खांद्याकडे बघत होत्या.

"अज्जा, तो हात सोडा."

त्याने सोडला. सिस्टरनी दहा अक्षरं पुन्हा म्हटली. अप्पीचा हात त्यांच्या हातात मेल्या मासळीसारखा पडून होता.

"काल पण?"

"काल पण. दोन्ही वेळा."

"आणि बोलल्या होत्या काही?"

त्याने बाळण्णाचं सांगितलं. सिस्टर रागावल्या नाहीत. त्या धावत डॉक्टरांकडे गेल्या. रक्त काढलं, लघवी तपासली. लघवीतलं इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. काल सापडलं असतं तर, असं कुणी म्हणालं नाही. नारनानेच म्हटलं.

"हात बांधाल म्हणून केलं," तो सिस्टरना म्हणाला.

"गोंधळ कळला की कारण शोधतो, अज्जा. मास्तर नळी उपटत होते म्हणून दोन तास बांधलं. त्यांच्या अंगातलं मीठ कमी झालं होतं. ते त्याच अक्षरांमुळे कळलं."

मास्तर समोर उशीला टेकून इडली खात होते, स्वतःच्या हाताने. त्यांना बकऱ्यांचं काही आठवत नव्हतं. पाचव्या दिवशी ते घरी गेले. जाताना कॉटशी थांबून म्हणाले, "अम्मा, लवकर बऱ्या व्हा. गौरीचा सण झाला की बांगडा तुमच्याकडूनच घेणार."

अप्पीला औषधं चालू होती, नाकाला प्राणवायू होता. त्या संध्याकाळी सिस्टर विल्मा पुन्हा आल्या. नारनाने स्टूल मागे सरकवलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसला.

सिस्टर हळूहळू अक्षरं म्हणू लागल्या. सहाव्या अक्षराला थांबल्या. त्यांनी नारनाकडे पाहिलं, त्याच्या हातांकडे पाहिलं.

"दाबला?" त्याने विचारलं.

"दाबला."

"'स'ला?"

"नाही. 'म'ला."

त्यांनी उरलेली चार अक्षरं म्हटली. पुन्हा काही नाही. मग त्यांनी कागदावर चूक लिहिली.

"आता मी धरू का?" नारना म्हणाला.

"धरा. माझं झालं."

त्याने स्टूल पुढे घेतलं आणि तिचा डावा हात धरला, पण दाबला नाही. परत काही आलं नसतं तर ते त्याला सोसलं नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली, तोपर्यंत तो तसाच धरून बसला होता.