खळग्यातली सात पावलं

अतिकाहने डोक्यावरच्या ओढणीचं टोक चिमटीत धरून हवेत उचललं. ते जराही हललं नाही. कड्यावर ढग घोंगडीसारखा पसरला होता आणि खालच्या ज्वालामुखातून निघणारा पांढरा धूर वर न चढता जागच्या जागी फुगत होता. वारा पडला होता. तिला हेच हवं होतं.

"पाऊस येतोय की काय?" गाडीतून भाताचं पातेलं उतरवता उतरवता तिच्या नवऱ्याने, दाहलानने विचारलं.

"नाही येत. तुम्ही पातेली आणि पोरांना घेऊन पुढे व्हा. केळीची पानं अंथरून ठेवा. आम्ही म्हातारी मंडळी मागून सावकाश येतो."

लेबारानचा, म्हणजे रमजान ईदचा सण होऊन आठ दिवस झाले होते. सणानंतर गारुत भागातली माणसं भात बांधून घेतात, डोंगरावर जातात आणि पानांची एकच लांब पंगत मांडून सगळे मिळून जेवतात. यंदा जांतेन डोंगरावर जायचं असं अतिकाहने जाहीर केलं, तेव्हा घरच्यांनी तिला दोनदा विचारून खात्री करून घेतली. चौदा वर्षांत ती या डोंगराकडे फिरकली नव्हती. तिचा थोरला भाऊ ओमान इथे वाटाड्या होता आणि इथेच गेला होता. त्याच्या बायकोला, यायाहला, तिने हाताला धरून गाडीत बसवलं होतं. शेजारचे सोलिहीन वडीलधारे म्हणून सगळे त्यांना मानाने पाक म्हणायचे; त्यांना मात्र ती स्वतः जाऊन बोलावून आली होती, घरी घोटलेल्या डोडोलच्या गोड वड्या घेऊन.

सोलिहीन तेव्हा वाटाड्यांचा प्रमुख होता. ओमानचं प्रेत त्यानेच गावात आणलं आणि काय झालं तेही त्यानेच सांगितलं. परदेशी पाहुण्यांनी बक्षीस देऊ केलं, त्या लोभाने ओमान कुंपण ओलांडून आतल्या मोठ्या मुखात उतरला आणि विषारी वायूने गुदमरला, असं. नियम मोडून मेला म्हणून यायाहला काही मदत मिळाली नाही. दफनाच्या दिवशी इमामसाहेब लोभावर बोलले. ओमानच्या मुलाला शाळेत पोरं 'लोभ्या' म्हणू लागली. सातवीनंतर तो शाळेत गेला नाही. यायाह लोकांचे कपडे धुऊ लागली. सोलिहीन दर लेबारानला तिच्या दारात तांदळाचं पोतं टाकायचा, आणि ती त्याचा हात हातात घेऊन कपाळाला लावायची. गाव म्हणायचं, माणूस असावा तर असा.

दोन महिन्यांपूर्वी म्हातारा कार्ता आजारी पडला. तो ओमानच्या जोडीचा वाटाड्या. त्याने अतिकाहला बोलावून घेतलं, बायको-मुलांना खोलीबाहेर काढलं आणि भिंतीकडे तोंड करून सगळं सांगितलं. ओमान मोठ्या मुखात उतरलाच नव्हता. वाटेला लागूनच एक खळगा आहे, चिंचोळा, बारा पावलं खोल, वरून पाहिलं तर पोरांनी लपाछपी खेळावी असा. वारा पडला की वायू त्यात पाण्यासारखा साठतो. रंग नाही, वास नाही. त्या दिवशी एका बड्या पाहुण्याचा कॅमेऱ्याचा तिवई-स्टँड त्यात घरंगळला. ओमान म्हणाला, वारा येईपर्यंत थांबू. सोलिहीन पाहुण्यांसमोर म्हणाला, वाटाड्या आहेस की बाईमाणूस? ओमान उतरला. स्टँड उचलायला वाकला, तो उठलाच नाही. मग सोलिहीन आणि कार्ता यांनी त्याला दोराने ओढून काढलं आणि मोठ्या मुखाच्या काठावर नेऊन ठेवलं. पुढच्याच आठवड्यात सोलिहीनने दरडीचं कारण सांगून खळग्याजवळची वाट बंद केली.

कार्ता चार दिवसांनी गेला. अतिकाहने हे कोणालाच सांगितलं नाही, यायाहलाही नाही. मेलेल्याचा शब्द कोण ऐकतो? सोलिहीनच्याच तोंडून ते निघायला हवं होतं.

"या बाजूने जाऊ," फाट्यावर येताच ती म्हणाली. "जुनी वाट आहे, जवळ पडेल."

सोलिहीन थबकला. त्याने ढगाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ती वाट खचलीय, अतिकाह."

"मेंढपाळ रोज जातात म्हणे, पाक. आणि तुमच्यासारखा जाणता माणूस बरोबर असताना भीती कसली?"

"चला हो, माझे गुडघे तुमच्या लांबच्या वाटेने रडतील," त्याची बायको म्हणाली. तिचं नाव अनिह; सगळी आळी तिला चेउ, म्हणजे ताई म्हणायची. कोणाच्याही बाळंतपणाला न सांगता जाऊन उभी राहणारी बाई. गाडी लागते म्हणून ती जन्मात या डोंगरावर आली नव्हती. आज अतिकाहने आल्याचे तुकडे चघळायला देऊन तिला आणलं होतं. नवऱ्याचा तमाशा बायकोसमोर झालेला बरा, असं तिने तेव्हा मनाशी म्हटलं होतं.

वाट अरुंद होती. दगडांवर पिवळी पूड बसलेली, दोन्ही बाजूंना जळकी झुडपं. पुढे अतिकाह, मागे यायाह, मग अनिह, सगळ्यात शेवटी सोलिहीन. खळगा कार्ताने सांगितला तसाच होता. अतिकाह त्याच्या काठावर थांबली, खांद्यावरची कापडी पिशवी या हातातून त्या हातात घेतल्यासारखं केलं आणि सोडून दिली. पिशवी दोन-तीनदा उलटून तळाशी जाऊन बसली.

"अगं बाई, गाडीची किल्ली आहे त्यात," ती म्हणाली. मग वळून अगदी शांतपणे: "पाक, तेवढी आणून देता का? बाराच पावलं आहेत."

हे वाक्य तिने आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. तो नाही म्हणाला असता तर का नाही, हे त्याला यायाहसमोर सांगावं लागलं असतं. आणि हो म्हणून उतरला असता तर? त्या तर-पाशी ती दर वेळी थांबायची, आणि तिला थांबायला बरं वाटायचं.

सोलिहीन खळग्याकडे पाहत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला. पाठ धरलीय सकाळपासून, असं काहीसं तो पुटपुटला. दाहलानला हाक मारू, तो माझ्याहून तरुण आहे.

"ते पुढे गेलेत. ओरडून ऐकू जायचं नाही," अतिकाह म्हणाली. "का हो पाक, इथे काही भीती आहे का?"

"भीती कसली? पाठ म्हणतोय ना."

"तुमची पाठ आणि माझे गुडघे," अनिह हसत म्हणाली. "एवढं तर मीही उतरेन." आणि लुगडं घोट्यावर उचलून ती उतरू लागलीसुद्धा.

असं होईल हे अतिकाहच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिने सोलिहीनकडे पाहिलं. आता बोलेल. बायको आहे त्याची. अनिहचं पहिलं पाऊल पडलं, दुसरं पडलं. त्याचे ओठ उघडले आणि मिटले. तिसरं. यायाह म्हणाली, चेउ, जपून, दगड सुटे आहेत. चौथं. सोलिहीनने मूठ आवळली. त्याची बोटं पांढरी पडली, पण तोंडातून अक्षर निघालं नाही. बोल, अतिकाह मनात म्हणत होती, एकदा बोल. पाचवं. सहावं. तिची नजर त्याच्या तोंडावरून हलत नव्हती.

"अरे, बिचारी चिमणी मरून पडलीय," खालून अनिहचा आवाज आला. तिने आणखी एक पाऊल टाकलं आणि ती वाकू लागली.

अतिकाहने छातीभर श्वास घेतला आणि उडी टाकली. घसरत गेली, अनिहच्या दंडाला धरलं, तिला उभी केली, ओढत, ढकलत, तोंड मिटून वर आणली. काठावर पोचल्यावर दोघी मातीत बसल्या. अनिहचा चेहरा राखेसारखा झाला होता. डोकं गरगरतंय, एवढंच ती म्हणाली. यायाहने तिच्या तोंडावर पाणी मारलं.

"मी सांगणारच होतो," सोलिहीन म्हणाला.

अतिकाहला अजून धाप लागली होती. "काय सांगणार होतात?"

"हेच की... वारा नसला की इथली हवा..."

तो थांबला. पण वाक्य त्याच्या तोंडून सुटलं होतं. यायाहच्या हातातली बाटली तशीच राहिली. तिने खळग्याकडे पाहिलं, तळाशी पडलेल्या पिशवीकडे पाहिलं, मग सोलिहीनकडे.

"माझा माणूस इथे गेला?"

मग अतिकाहने सांगितलं: स्टँडचं, पाहुण्यांचं, 'बाईमाणूस' म्हटल्याचं, दोराचं. सांगताना आपला आवाज चढेल असं तिला वाटलं होतं. तो चढला नाही. सोलिहीनने एकदाच मान हलवली, नाही म्हणायला की हो म्हणायला ते कळलं नाही. यायाह रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "चौदा पोती तांदूळ खाल्ला मी तुमचा." मग ती वळली आणि पंगतीच्या दिशेने चालू लागली.

पुढे माळावर हिरव्या पानांची लांब रांग मांडून दाहलान आणि पोरं वाट पाहत होती. गरम भात, खारी मासळी, मिरचीचा ठेचा, काकडी, कोवळी पानं. किल्लीची पिशवी खळग्यात पडलीय हे कळल्यावर दाहलान ती आणायला निघाला, तर त्याला अनिहनेच अडवलं. वारा सुटू दे, मग लांब बांबूने ओढून काढ, खाली उतरायचं नाही, असं तिने त्याला दोनदा बजावलं. कारण सांगितलं नाही. सगळे जेवायला बसले. पोरं मासळीच्या तुकड्यासाठी भांडत होती. सोलिहीन एका टोकाला बसला होता. तीस वर्षं अनिह त्याच्या माशाचे काटे काढून मगच स्वतः घास घ्यायची. आज ती दुसऱ्या टोकाला बसली आणि मान खाली घालून स्वतःचा भात जेवली. सोलिहीनने मासळीला हातच लावला नाही. दाहलानने त्याला विचारलं, पाक, तब्येत बरी नाही का? मोठ्या माणसांचे घास हळूहळू मंद होत गेले.

अतिकाह मात्र पोटभर जेवली. अन्नाला अशी चव आपल्याला चौदा वर्षांत लागली नव्हती, हे तिच्या ध्यानात आलं. तिने ठेचा दुसऱ्यांदा मागून घेतला.

जेवण झाल्यावर ती हात धुवायला झऱ्यावर गेली. पाणी कोमट होतं. मागून अनिह आली, शेजारी बसली आणि बराच वेळ हात धूत राहिली.

"आता डोकं कसं आहे, चेउ?"

"बरं आहे." अनिहने हात झटकले. "मी सात पावलं उतरले. पाठीमागे तो उभा होता. सात पावलांत माझ्या नवऱ्याला तोंड उघडता आलं नाही."

"हो," अतिकाह म्हणाली. तिला वाटलं, आता ही रडेल, आणि हिला जवळ घ्यावं लागेल.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"दोन महिने झाले."

"म्हणजे मी पहिलं पाऊल टाकलं तेव्हा ठाऊक होतं."

अतिकाहने पाण्यात हात तसाच धरला. वर कुठेतरी वारा सुटला होता. झुडपं वाजू लागली होती.

अनिह गुडघ्यावर हात टेकून उठली. लुगड्याचा काठ पिळला.

"त्याचं मी बघेन," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुझं तू बघ."

ती चढ चढून यायाहपाशी गेली आणि तिच्या शेजारी बसून उरलेला भात पानांत बांधू लागली. थोड्या वेळाने यायाहने वरून हाक मारली, की दाहलानने पिशवी काढली, चल आता, सगळे तुझ्यासाठी थांबलेत.

आले, असं अतिकाहने म्हटलं. आणि बराच वेळ ती जागची उठली नाही.