जिभेखालची गोळी

मी बाळासो. बिद्रीला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढली, आता रिटायर हाय. आवाज मोठा, राग त्याहून मोठा. पर त्या रविवारी जोतिबाच्या पायरीवर मुक्यागत बसलो, आन् त्यापायी जीव जायची पाळी आली.

आधी कारण सांगतो. शुगर झाल्यापास्नं दोन वर्षं बायकोजवळ जायचं म्हटलं की अंग साथ देईना. लाज वाटायची. क्रांतीला, म्हंजे आमच्या मंडळीला, काय बी न सांगता मी हॉलमधल्या कॉटवर झोपाय लागलो.

शेवटी धीर करून कोल्हापुरात डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी तपासलं, गोळी लिहून दिली आन् बजावलं, "काका, दुसऱ्या दिवशी पाठ, मांड्या, खांदे दुखू शकतात. ते स्नायूंचं दुखणं, दोन दिवसांत जातं. पण हृदयाच्या पेशंटची जिभेखालची गोळी यावर चुकूनही घ्यायची नाही. बीपी एकदम खाली जाऊन माणूस दगावू शकतो. कुठल्याही दवाखान्यात गेलात तर आधी हे सांगायचं."

शनिवारी गोळी घेतली. गुण आला, एवढंच सांगतो. रविवारी सकाळी क्रांती पुरण वाटताना एकटीच हसत हुती.

त्या पुरणपोळीचा नैवेद्य घेऊनच आम्ही जोतिबाला गेलो. मी, क्रांती, सून मोना आन् मेव्हणा आकाराम. पोरगा विश्वजित गाडी चालवाय. दर्शन झालं, चांगभलं झालं. विश्वजित गाडी आणाय फुडं गेला. देऊळ खाली, गाडी वर; आम्ही पायऱ्या चढून परत येत हुतो आन् माझ्या कमरंत अशी कळ आली की मी खालीच बसलो. मग मांड्या भरून आल्या, पाठ धरली, ठणका खांद्यापतोर गेला. मला कळलं, ह्ये डॉक्टरांनी सांगितलेलंच.

"काय हुतंय वो?" क्रांती घाबरली.

"काय न्हाय. ऊन लागलं."

आता ह्यो आकाराम. मागल्या साली त्याची अँजिओप्लास्टी झाली, तवापास्नं गडी स्वतःला डॉक्टरच समजतोय. जिभेखालची गोळी कायम शर्टाच्या खिशात. गावात कुणाचा ढेकर अडला तरी ह्यो गोळी काढतोय. अवघड जाग्याचं दुखणं आन् जावई वैद्य म्हणत्यात, माझ्या नशिबी मेव्हणा आला.

"दाजी, खांदा दुखतोय? घाम फुटलाय? हार्ट हाय ह्ये! आ करा!"

मी दात आवळले. "मला नगं."

"आरं, मरशील की मर्दा!" आकाराम दाजी म्हणायचं बी विसरला. क्रांती रडत रडत माझं नाक धराय लागली, रेडकाला औषध पाजताना धरत्यात तसं. माणसं गोळा झाली. पेढेवाला दुकानातनं ओरडला, "पावणं, घ्या की! हट्ट कशाला करताय?"

गोळी ओठाला लागली. थू करून मी ती थुंकून टाकली. आकारामनं दुसरी काढली.

"का पन? का नगं?" क्रांती किंचाळली.

सांगायचं तर सून समोर उभी. तिनं मला कधी बनियनवर बी बघितलेलं न्हाय. न सांगायचं तर आकारामची दोन बोटं दातांच्या फटीत शिरल्याली. मला खरंच भ्या वाटलं. मी त्याचा हात हिसडला आन् काट्यावर गाडीवाल्यांना ओरडायचो त्या आवाजात बोंबललो, "आक्या, मी काल बायकोसाठी ताकदीची गोळी खाल्लीया! त्यावर तुझी घातलीस तर हितंच मरीन!"

पेढेवाला पेढे जोखाय लागला.

मोनाच आधी बोलली. "मामा, डॉक्टरांचा नंबर द्या." मान खाली न्हाय, हसू न्हाय. फोन लावून तिनं छातीचं, श्वासाचं, सगळं माझ्याकडनं इचारून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, स्नायूंचंच दिसतंय, तरी अंदाजावर बसू नका, दवाखान्यात जाऊन कार्डिओग्राम काढा. आकारामनं गोळी गुमान खिशात टाकली.

दवाखान्यात मी नर्सला सांगितलं, मग डॉक्टरला सांगितलं. दुसऱ्या वेळंला लाज जरा कमी वाटली. दोनदा कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं. हृदय ठणठणीत. दुखणं स्नायूंचंच.

भाईर बाकड्यावर क्रांती बसलेली. जोतिबापास्नं माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "चारचौघांत तुझी बी लाज काढली."

"लाज गेली खड्ड्यात." तिचे डोळे भरून आले. "दोन वर्षं तोंडाला फडकं बांधून झोपतीया मी."

"का?"

"मला वाटलं मी घोरते, म्हणून तुमी भाईर गेला. विचारायची लाज वाटली. म्हटलं, आवाज बंद झाला की येतील परत."

क्रांती घोरत न्हाय. कधीच घोरली न्हाय. बाकड्यावर आणखी चार पेशंट बसलेले, तरी मी तिचा हात धरला आन् नर्सनं हाक मारंपतोर सोडला न्हाय.